हंसकुरणाची सात मतं

रात्री जमीनदाराच्या रानात ससा मारला तर तीन महिने तुरुंग. सशाने रात्री कुळाचा गहू खाल्ला तर कुणालाच काही नाही.

*

'निळी फीत संपली आहे. पिवळी हवी तेवढी मिळेल. हिरवी मागू नये. हिरव्या रंगाचा उमेदवार नाही.' स्टोकबरीच्या बाजारात मिसेस ग्रिगच्या दुकानाच्या काचेवर, फेब्रुवारी १८७३.

*

हंसाच्या पोटात कांदा, शिळ्या पावाचा चुरा आणि सेज या वासाच्या झुडपाची मूठभर पानं. चरबी वाया घालवू नये, ती हिवाळाभर खोकल्याला पुरते. मान वेगळी काढून ठेवावी. ती पंगतीत जो सर्वांत कमी बोलला असेल त्याच्या ताटात वाढावी.

*

जोब टॅपस्कॉटला लिहिता येत नाही. आपल्या पोत्यांवर तो कोळशाने हंस काढतो: एक गोल, एक लांब मान, दोन काटक्या. पोतं चुकून दुसऱ्याच्या गाडीत गेलं तरी संध्याकाळी परत येतं. खोऱ्यात हा हंस सगळे ओळखतात.

*

१८३२. मोठ्या सर ह्यूबर्टनी दलदलीचं एक कुरण टॅपस्कॉटांच्या सात पुरुषांना सात पट्ट्या करून कायमचं लिहून दिलं. तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही आणि हंसांशिवाय कुणी राहत नाही. पण ज्याच्या मालकीची जमीन, त्याला पार्लमेंटमधल्या उत्तर मार्लशरच्या जागेसाठी मत. त्या वर्षी कुरणात सात मतं उगवली. सातही निळी, म्हणजे सर ह्यूबर्टांच्या पक्षाची.

*

'मतदाराने आपल्या पसंतीच्या नावापुढे फुली मारावी. ज्यावरून मतदार ओळखू येईल असं काहीही कागदावर लिहिल्यास मत बाद धरलं जाईल.' मतदानाच्या खोलीत, चार भिंतींवर चार वेळा.

*

१८८५ साली सरकारने उत्तर मार्लशर हा मतदारसंघच मोडला आणि त्याचे तुकडे शेजारच्यांना वाटून टाकले. हंसांना कळवलं नाही.

*

लिडियाने टेबलावर नऊ ताटं मांडली, एक उचललं, काखेत धरून उभी राहिली.

"आई, सायलसचं ताट खरंच मांडायचं?"

"ज्याच्या नावावर पट्टी, त्याला ताट," केझाया भट्टीतून डोकं न काढता म्हणाली. सासूचा हा आवाज लिडियाला माहीत होता. त्यापुढे बोलण्यात अर्थ नसायचा, म्हणून ती बोलली.

"पण ही कुठली रीत? मी लग्न होऊन आले त्याला चोवीस वर्षं झाली. मतदानाचा हंस एकदाही भाजलेला पाहिला नाही."

"मतदान कुठे झालं चोवीस वर्षांत? एक्केचाळीस सालानंतर मोठी माणसं आपसातच ठरवायची, लंडनला कोण जायचं ते. एकच उमेदवार, एकच भाषण, चला घरी. कुणी मत विचारायलाच येत नाही तर हंस कापून करू काय? ताट ठेव."

लिडियाने ताट ठेवलं, पण दाराजवळ, जिथे थंड वारा येतो.

तिचं सगळं लक्ष पंचवीस मार्चकडे लागलं होतं. त्या दिवशी शेताचा करार संपणार होता. सासरे चौऱ्याहत्तरचे. आता नवा करार तिच्या नवऱ्याच्या, रूबेनच्या नावावर व्हायचा, आणि तो एकवीस वर्षांचा व्हायचा. सर ह्यूबर्टच्या कारभाऱ्याने, पिनॉकने, तसा शब्दच दिला होता. अट एकच. ह्या पोटनिवडणुकीत हंसकुरणाची सात मतं सर ह्यूबर्टच्या मेव्हण्याला पडली पाहिजेत. सात म्हणजे सासरे जेथ्रो, त्यांचा धाकटा बहिरा भाऊ जोब, रूबेन, रूबेनचा भाऊ एबल, लिडियाची जुळी पोरं ईनॉक आणि एझ्रा. झाले सहा. सातवा सायलस. जेथ्रोचा थोरला भाऊ एमॉस, त्याचा हा मुलगा. स्टोकबरीत चांभारकाम करतो, आणि मंगळवारी मत द्यायला पिवळ्या जाकिटात आला होता.

"अहो," तिने रूबेनला हाक मारली. "त्याने पिवळ्याला दिलं हे पिनॉकसाहेबांना कळेल?"

"कसं कळेल? आता मत गुप्त आहे." रूबेन सुरीला धार लावत होता. "म्हणून तर बाबांनी सही करायला लावली."

हे खरं होतं. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर जेथ्रोने सगळ्यांना, सायलससकट, कोठारात उभं करून सांगितलं होतं, "नवा कायदा आलाय. फळीआड जायचं, फुली मारायची, कागदाची घडी करून पेटीत टाकायची. चोरासारखं! मी दोनदा मत दिलं, दोन्ही वेळा भर बाजारात ओट्यावर चढून, हजार माणसांसमोर ओरडून. टॅपस्कॉट अंधारात मत देत नाही. फुली मारा आणि खाली नाव लिहा. सर ह्यूबर्टना कळू दे कोण त्यांचं."

"आणि कोण नाही," सायलस म्हणाला होता.

"तेही कळू दे," जेथ्रो म्हणाला होता. पण त्याच्याकडे न बघता.

*

एबल पिंपापाशी.

ते पिंप सोमवारी वाड्यावरून आलं. मतदाराला दारू पाजणं आता गुन्हा होता, म्हणून झाकणावर खडूने लिहिलं होतं, 'गुरांचं औषध.' एबल गुरांचं सगळं बघायचा. तेव्हा औषध बरं आहे का हे बघणंही त्याच्याचकडे आलं. सोमवारी त्याने एक पेला बघितलं. मंगळवारी तीन. आज गुरुवार. पिंप तिरकं केल्याशिवाय आता काही येत नव्हतं.

खिडकीतून त्याला कुरणाच्या बांधावरून येणारा सायलस दिसला. चिखलात चालतानाही ताठ. एमॉसकाका असाच चालायचा म्हणे. एबलला काका आठवत नव्हता, पण ओढ्यापलीकडचं शेत नांगरताना दगड लागला की बाबा म्हणायचे, "तो एमॉसचा दगड, राहू दे." बत्तीस वर्षं तो दगड शेताच्या मधोमध. नांगर त्याला वळसा घालतो.

"वहिनी, पिवळा आला!" एबल ओरडला.

"जाकीट घालून?"

"जाकीट घालून. आणि हसतोय. गंमतच आहे, सायलस हसतोय!"

केझायाने भट्टीचं दार लावलं. सायलस हसत असेल तर हंस करपायच्या आत बातमी ऐकलेली बरी.

*

"तीन मतांनी," सायलस दारातच म्हणाला. "पिवळा निवडून आला. काल रात्री मार्लचेस्टरहून तार आली. चार हजारांत तीन."

जोबने कानामागे हात नेला. ईनॉक त्याच्या कानात ओरडला, "आजोबा, हरलो! तीनाने!"

"तीन वाजले?" जोब म्हणाला. "मग वाढा की."

रूबेनने सुरी टेबलावर ठेवली. फार जपून ठेवली. "तीन मतं. आणि त्यातलं एक आपल्याच घरातलं."

"माझं," सायलस म्हणाला. "सही करून दिलंय. काकांनी सांगितलं नाव लिहा, मी नाव लिहिलं, धंदा लिहिला, गल्लीचं नावही लिहिलं. खाली लिहिलं, कुणाला भीत नाही. कुणाला यायचं असेल तर येऊ दे."

"तुझ्या बापानेही हेच केलं. काय मिळालं?" रूबेन म्हणाला.

"करार गेला. शेत गेलं. ते शेत तुम्हाला मिळालं," सायलस शांतपणे म्हणाला. "ओढ्यापलीकडचं. गहू बरा येतो का अजून?"

"ससे खातात," एबल म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" लिडिया दिरावर खेकसली. मग सायलसकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमचं सगळं मान्य. पण तुमच्या एका फुलीपायी माझी पोरं रस्त्यावर आली तर? एमॉसकाकांचा सूड आमच्यावर का?"

"सूड? अहो वहिनी, एका मताचा! तुमची सहा आहेत."

"सहा वजा एक पाच," एझ्रा बोटांवर मोजत म्हणाला. "म्हणजे आपल्या घरामुळे निळ्याला पाचाचा फायदा झाला. तरी तीनाने हरला. म्हणजे आपण नसतो तर आठाने हरला असता."

"हे पिनॉकसाहेबांना सांगायचं!" लिडियाचा चेहरा उजळला. "एझ्रा, हे असंच्या असं सांगायचं. आपण नसतो तर आठ."

जेथ्रो शेगडीजवळच्या खुर्चीत बसला होता. बातमी आल्यापासून त्याने फक्त चिलीम एका हातातून दुसऱ्या हातात घेतली होती. केझायाने ते पाहिलं. मंगळवारपासून ती बरंच काही पाहत होती. नवरा मतदानाहून आला तो सरळ घरी न येता कुरणात गेला, सायलसच्या म्हणजे जुन्या एमॉसच्या पट्टीवर बराच वेळ उभा राहिला, आणि परत येऊन भाकरीचे चार तुकडे खाल्ले. बत्तीस वर्षं तो दोन खायचा.

बाहेर घोडा थांबल्याचा आवाज आला.

*

कारभारी पिनॉक आत आला तो पिंपाकडे बघतच.

"गुरांना लागू पडलं?"

"एका बैलाला," केझाया म्हणाली. एबलने टेबलाखाली पाय ओढून घेतले.

पिनॉक बसला. त्याच्या मांडीवर चामड्याची पिशवी होती. आधी त्याच्या बापाकडे होती, तीच. एक्केचाळीस साली ओट्यासमोर उभा राहून थोरला पिनॉक कुळांची मतं ह्याच पिशवीवर वही टेकवून टिपून घ्यायचा.

"पिनॉकसाहेब," लिडियाने सुरुवात केली, "आमच्या एझ्राने हिशेब केलाय. आम्ही नसतो तर आठ..."

"बाई, तुम्ही नसता तर मी काल रात्री झोपलो असतो." पिनॉकने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. फेब्रुवारी महिना होता. "काल मतमोजणीला मी होतो. सर ह्यूबर्टतर्फे. मत कुणी कुणाला दिलं हे बाहेर न सांगण्याची शपथ घेऊन आत बसलोय. फोडलं तर सहा महिने तुरुंग."

"सशाच्या दुप्पट," एबल म्हणाला.

"पण बाद झालेलं मत हे मतच नाही. जे मतच नाही, त्याचं गुपित कसलं? हे मी रात्रभर जागून ठरवलंय. तेव्हा आता ऐका." त्याने कोटाची डावी बाही वर सारली. आतल्या शर्टाच्या बाहीवर पेन्सिलीने बारीक अक्षरं होती. "पंचविसाव्या पेटीत मतपत्रिका उलगडल्या. एकीवर फुली, आणि खाली नाव. रूबेन टॅपस्कॉट. मोठ्या अक्षरांत."

"हो!" रूबेन ताठ झाला. "मीच."

"बाद."

"काय?"

"नाव लिहिलं की बाद. कायदाच आहे. भिंतीवर चार ठिकाणी लावलं होतं!"

रूबेनने टेबलावरची सुरी सरळ केली. "ते मी पाहिलं. मला वाटलं, ते ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असेल."

पिनॉकने डोळे मिटून घेतले. मग बाही वाचू लागला. "ईनॉक टॅपस्कॉट. बाद. एझ्रा टॅपस्कॉट, 'वर लिहिलेल्या ईनॉकचा भाऊ' अशी टीप. बाद. वर काही लिहिलेलं नव्हतंच, तो वेगळा कागद होता. एबल टॅपस्कॉट, आणि मागच्या बाजूला, 'सर ह्यूबर्टना नमस्कार, खालच्या कुरणाचा चर तुंबला आहे, माणूस पाठवावा.' बाद."

"चरासाठी माणूस पाठवणार का पण?" एबलने विचारलं.

"मग एक मतपत्रिका आली, तिच्यावर हंस होता."

सगळे जोबकडे वळले. जोब हसला, त्याला वाटलं वाढायला घेतलं. एझ्रा त्याच्या कानात ओरडला, "आजोबा, तुमचा हंस बाद!"

"करपला?" जोब म्हणाला.

"अधिकाऱ्याने विचारलं, ह्या हंसावरून मतदार ओळखू येतो का? अख्ख्या खोलीतली माणसं एकदम म्हणाली, हा जोब. पिवळ्यांची माणसंसुद्धा. पाच मतं! पाच! ती धरली असती तर आपण..." पिनॉकने पुन्हा कपाळ पुसलं. "आणि सहावी सायलस टॅपस्कॉट, चांभार, गल्लीच्या नावासकट."

आता सायलसचं हसू गेलं.

"माझं पण?"

"बाद."

"पण मी कुणाला भीत नाही असं लिहिलं होतं."

"म्हणून दुप्पट बाद."

सायलसच्या ध्यानात हळूहळू आलं, आणि त्याची मान लाल होत गेलेली लिडियाला दिसली. आठ वर्षांचा असताना तो गाडीवर, गाद्यांच्या वर बसून हे अंगण सोडून गेला होता. बापाने मरेपर्यंत स्टोकबरीत दुसऱ्यांचे जोडे शिवले. एका शब्दापायी, मोठ्याने उच्चारलेल्या. मंगळवारी फळीआड पेन्सील हातात घेताना सायलसला वाटलं होतं, हे बापाचं मत आहे. आणि ते अधिकाऱ्याने बाजूला काढून सुतळीने बांधून ठेवलं.

लिडिया उठली. दाराजवळचं त्याचं ताट उचलून तिने शेगडीकडे आणून ठेवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आता सहा झाले," पिनॉक म्हणाला. "सातवं नाव मला दिसलं नाही."

*

हंसाची चरबी भट्टीत तडतडली.

मग पिनॉकनेच मांडीवर थाप मारली. "आणि तेच सांगायला आलो! जेथ्रो, तू एकट्याने सूचना वाचलीस! सातांत एक शहाणा! तुझं मत धरलं गेलं."

"म्हणजे?" रूबेन बापाकडे वळला. "बाबा, तुम्ही सही केली नाहीत? आम्हाला कोठारात उभं करून... टॅपस्कॉट अंधारात मत देत नाही म्हणालात!"

"आम्ही गाढवं ठरलो आणि हे शहाणे!" ईनॉक म्हणाला.

"मला तर चर पण लिहायला तुम्हीच सांगितलंत," एबल म्हणाला. हे खोटं होतं, पण त्या गदारोळात खपून गेलं.

पिनॉकने पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "ऐका. सर ह्यूबर्ट काल फार तापले होते. मग मी नावं सांगितली, हंस सांगितला. तेव्हा म्हणाले, 'पाच गाढवं आहेत, पण माझी आहेत.' हा एकवीस वर्षांचा करार. हा तीन वर्षांचा. म्हणाले, जेथ्रोकडून शब्द घे. सत्तावन्न साली वाडा माझ्याकडे आला, तेव्हापासून तो खोटं बोललेला मी ऐकला नाही. त्याने सांगितलं मी निळ्याला दिलं, तर एकवीस. बस. एक शब्द, जेथ्रो, आणि मला घरी जाऊ दे."

लिडियाने एकवीस वर्षांच्या कागदाकडे पाहिलं. टेबलाखालून तिने नवऱ्याचा हात पकडला. जेथ्रोने फक्त मान हलवायची होती. जगात कुणालाच कधी कळलं नसतं. कायद्यानेच तशी सोय केली होती.

"सांगा ना, बाबा," रूबेन म्हणाला. आता आवाजात राग नव्हता.

*

फळीआड फार थोडी जागा होती. सुतळीला बांधलेली पेन्सील. जेथ्रोने मागे वळून पाहिलं, कारण मत देताना पिनॉक बघत असतो. मागे फळी होती. बाजूला पाहिलं, फळी. एक्केचाळीस साली ओट्यावर चढायच्या आदल्या संध्याकाळी कोठारात दोघा भावांनी हातावर हात मारला होता. पिवळा म्हणत होता, कुळांना ससे मारू देईन. त्या वर्षी निम्मा गहू सशांनी खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी एमॉस पुढे चढला आणि पिवळ्याचं नाव इतक्या जोरात ओरडला की खालची कबुतरं उडाली. मग जेथ्रो चढला. समोर थोरला पिनॉक, पिशवीवर वही. पेन्सिलीचं टोक त्याने जिभेला लावलं. तेवढंच केलं त्याने. जेथ्रो म्हणाला, निळा.

मंगळवारी फळीआड त्याने फुली मारली. मग सहीसाठी पेन्सील टेकवली. टोक कागदावर होतं, 'ज' सुरू व्हायच्या जागी. ते तिथेच राहिलं. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. त्याने घडी घातली.

*

"मी पिवळ्याला दिलं," जेथ्रो म्हणाला.

एबलच्या हातातला पेला खाली पडला. रिकामाच होता.

पिनॉकने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मी ऐकलं नाही! ऐकलं तर सहा महिने!"

"पिवळ्याला," जेथ्रो आणखी मोठ्याने म्हणाला. बाजारात ओट्यावर चढल्यासारखा. जोबने चमकून मान वळवली. त्याला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा भावाचं बोलणं नीट ऐकू आलं होतं.

"कुणाला दिलं म्हणाला?" जोबने विचारलं.

"पिवळ्याला, आजोबा!"

"मग एमॉसला का नाही बोलावलं जेवायला?" जोब म्हणाला, आणि आपल्या ताटाकडे वळला.

रूबेन उभा राहिला. "बाबा, हे माझं घर आहे. माझी पोरं आहेत. एवढं खरं बोलायचं होतं तर बत्तीस वर्षांपूर्वी बोलायचं होतंत, नाहीतर अजून एक महिन्याने!"

"बत्तीस वर्षांपूर्वीच बोलायचं होतं," जेथ्रो म्हणाला. "तुझं बरोबर आहे, रूबेन. मला ऐकव. पण बसून ऐकव, तुझी आई हंस काढतेय."

तो उठला आणि फडताळातून छापील मतवही काढून आणली. एक्केचाळीसच्या निवडणुकीनंतर स्टोकबरीच्या पुस्तकवाल्याने छापून विकलेली: कोण मतदार, कुठला, कुणाला दिलं. पानं पिवळी पडली होती, वयाने, पक्षाने नव्हे. 'टॅपस्कॉट, एमॉस' पुढे खूण पिवळ्याच्या रकान्यात होती. त्याच्या लगेच खाली 'टॅपस्कॉट, जेथ्रो', निळ्याच्या. जेथ्रोने पिनॉकच्या खिशातली पेन्सील काढून घेतली, आपल्या नावापुढे पिवळ्या रकान्यात फुली मारली, खाली तारीख घातली आणि सही केली. सहीला वेळ लागला. पिनॉक तेवढा वेळ खिडकीतून हंस मोजत होता, मोठ्याने, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये.

"सव्वीस," पिनॉक म्हणाला.

"पंचवीस," केझाया म्हणाली. "एक भट्टीत आहे."

जेथ्रोने वही सायलसपुढे ठेवली. सायलसने ती वाचली. बोट बापाच्या नावावर ठेवलं, मग खालच्या नावावर.

"काका, माझं मत सहीमुळे बाद झालं."

"हो."

"तुमचं धरलं. सही नव्हती म्हणून."

"हो."

"सही का नाही केलीत?"

जेथ्रोने चिलीम शोधली, सापडली नाही. "भीती वाटली," तो म्हणाला.

सायलसच्या खांद्यांना हिसका बसला. लिडियाला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. दारात आला तेव्हाच्या हसण्याहून हे निराळं होतं. तोंडावर हात ठेवूनही आवरत नव्हतं. "नशीब आमचं, काका, तुम्ही अजून भित्रेच आहात. शूर असतात तर ह्या घरातलं एकही मत पोचलं नसतं!"

आधी एबल हसला, मग पोरं. रूबेन हसला नाही. तो पुढे दोन महिने बापाशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा चराबद्दल बोलला.

पिनॉकने एकवीस वर्षांचा कागद उचलला, एक सुस्कारा टाकला आणि पिशवीत घातला. दुसरा रूबेनपुढे सरकवला. "मला शब्द मिळाला नाही. मी वाड्यावर एवढंच सांगणार. म्हातारा काही बोलला नाही. इथे सही कर, रूबेन. इथे चालते."

"तीन वर्षं," लिडिया म्हणाली.

"तीन वर्षांत पुन्हा निवडणूक येईल, बाई. मग बघू." तो उठायला लागला.

"बसा," केझाया म्हणाली. तिने हंस आणून मधोमध ठेवला. पहिला तुकडा सायलसला, दुसरा जोबला, तिसरा नवऱ्याला. लिडियाने आणखी एक ताट आणलं, दहावं, आणि पिनॉकपुढे ठेवलं. केझायाने टेबलभर नजर फिरवली, कोण किती बोललं आणि वाड्यावर कोण किती कमी बोलणार याचा अंदाज घेतला, आणि भाजलेली मान पिनॉकच्या ताटात वाढली.

एक्केचाळीस सालच्या त्या निवडणुकीत निळा उमेदवार सहाशे चौदा मतांनी निवडून आला होता.